सात मेगाहर्ट्झवरची रेघ

उर्मासनं टार्टूहून पाठवलेला रेडिओ
अंगठ्याएवढा. ना बटण, ना डायल,
ना ती पिवळी ऊब, जिच्यावर
तीस वर्षं मी जहाजांवर हात शेकले.
आता सगळं पडद्यावर: निळा धबधबा
सावकाश खाली उतरतो
आणि त्यात माणसांची बोलणी
उभ्या रेघा होऊन दिसतात.

पहिल्या चुका माझ्याच.
गेन पार वर चढवून बसलो होतो,
आणि कुठलंसं दांडगं प्रसारण केंद्र
नसेल तिथेही भुतासारखं बोलत होतं.
कमी ऐक रे, स्वतःला म्हटलं, म्हणजे जास्त ऐकू येईल.
गेन अर्ध्यावर आणला. भुतं उठून गेली.
मधोमध एक खुंटा उरला, तो रेडिओचा स्वतःचाच;
त्याच्या जरा बाजूला बसून ऐकायचं, एवढंच.
तापेपर्यंत सूर सरकायचा,
म्हणून तासभर आधीच सुरू करून ठेवायचा,
आंघोळीचं पाणी ठेवावं तसा.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याला घर केलं,
यूएसबीची तार आखूड केली.

तरी एक कुंपण राहिलं.
दर साठ किलोहर्ट्झला एक खांब,
कडा धूसर, प्यालेल्यासारखा किंचित डुलणारा.
सकाळी पाचला उगवायचं, रात्री नऊला मावळायचं.
मार्चमध्ये हीउमा बेटावर
सूर्यसुद्धा इतका नेमाचा नसतो.

मेन स्विच पाडला. फ्रीज गप्प, पंप गप्प,
अंधारात मी आणि बॅटरीवरचा लॅपटॉप.
कुंपण जागच्या जागी.
म्हणजे पाप माझ्या घरातलं नव्हतं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तारेचं वेटोळं काठीला बांधून,
लॅपटॉप गळ्यात अडकवून
बर्फातून निघालो, बांगड्या विकायला निघाल्यासारखा.
वेटोळं फिरवत राहायचं.
आवाज ज्या दिशेला मरतो
त्याच दिशेला त्याचं घर.
जुनिपरच्या झुडपांपलीकडे, हेल्यू सेपच्या दारात
तो अगदी मेला.

खिडकीत जांभळा दिवा, त्याच्याखाली
दह्याच्या कपांत टोमॅटोची रोपं.
बेचाळीस, ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं.
सगळं ऐकून घेतलं तिनं.
"माझ्या दिव्यानं मेली का रे तुझी माणसं?"
"मेली नाहीत. बुडालीत."
दिवा बंद कर म्हणायला तोंड उघडलं,
रोपांकडे पाहिलं,
आणि खिशातून फेराइटची कडी काढली.
तिच्या दिव्याच्या तारेचे नऊ वेढे घेतले,
दहाव्याला तार पुरेना.
तिनं काळा पाव दिला, त्यावर धुरावलेला मासा.
"मजुरी," म्हणाली.

घरी येऊन पाहतो तर कुंपण आडवं.
एकच रेघ उरलेली, केसाएवढी,
सात हजार अठराच्या आसपास.
कपाटात अजून दोन कड्या होत्या.
लावल्या असत्या तर तीही गेली असती.
उद्या लावू, म्हणत गेलो.
तिच्या अंगाला चिकटूनच अझोर बेटांवरचा एकजण
पहाटे मोर्स ठोकायचा, अडखळत, डावऱ्या हातानं असावा.
पाचला रेघ उमटायची.
मी मनात म्हणायचो, उठली.

मेमधल्या एका मंगळवारी पाच वाजले.
रेघ नाही.
सव्वापाच.
बँड पुसलेल्या काचेसारखा,
हिवाळाभर ज्यासाठी राबलो तो हाच.
अझोरवाला माझंच संकेतनाव ठोकत होता,
कधी नव्हे इतकं स्पष्ट,
पुन्हा, पुन्हा,
आणि मी टेबलाखाली बूट शोधत होतो.

ती काचघरात होती, गुडघे मातीत.
दह्याचे कप उपडे, ओळीनं.
"आता ऊन पुरतं त्यांना," वर न बघता म्हणाली.
मग वर बघितलं, माझ्या पायांकडे.
"एन्देल, एक बूट तुझा.
दुसरा कुणाचा?"