सहा घरं

लोकर खडेबाजारातनं आणली, नऊ गुंडे,
ओल्या कौलाचा रंग.
दुकानदार म्हणाला, वेणी घालणार असाल
तर अजून दोन न्या बाई, पीळ लोकर खातो.
म्हटलं, बघू की.
रुमालात बसचे पैसे तेवढे मोजून ठेवले होते.

हे लोंढ्याच्या अलीकडच्या फाटकावर.
डिसेंबरभर रात्रपाळी, आणि धुकं असं
की हातातली झेंडी हातालाच दिसू नये.
घोंगडं आहे. पण चाक फिरवायला उठलं
की खांद्यावरनं घसरतं,
आणि गाडी काय घोंगड्यासाठी थांबत नाही.

उलट-सुलट मला शाळेपासनं येत होतं.
वेणी शिकवली नीलव्वानं, कंपाउंडच्या भिंतीवरनं.
तिला मराठी बाजारापुरतं,
मला कन्नड दवाखान्यापुरतं.
सायकलची तार फरशीवर घासघासून
तिनं मधली सुई केली,
तीन घरं तिच्यावर उतरवून पुढं टांगली:
मूरु मुंद.
मागची तीन आधी विणली, मग टांगलेली.
फिरला पीळ.
शेजारच्या वेणीला मूरु हिंद.
आठ ओळींतनं एकदा एवढंच,
बाकी सात ओळी नुसतं सरळ जाणं.

टाक्याला आम्ही घर म्हणतो, हे तिला सांगितलं.
मनी? म्हणाली. तिच्यात घराला मनी म्हणतात.
आमच्यात मनी म्हणजे मनात,
नाहीतर मांजर.
ते मात्र मला तिला सांगता आलं नाही,
म्याँव करून दाखवलं, तर
दूध आणायला आत गेली.

पाठ झाली. पुढा बगलेपर्यंत आला
तेव्हा दिसलं,
डावीकडची वेणी, खालून पाचवा पीळ,
हिंदच्या जागी मुंद.
चाळीस ओळी खाली.

कुठली संध्याकाळ ती, आठवून बघितलं.
लाइट गेली होती? कुणाचा फोन?
धाकट्याचा ताप?
काही नव्हतं. चहा होता, रेडिओ होता.
नुसती चूक,
कारण नसलेली.

हे म्हणाले, राहू दे, धुक्यात मला कोण बघतंय.
मी सुई काढून टोक ओढणार, एवढ्यात
भिंतीवरनं नीलव्वा ओरडली, बिच्चब्याड!
आणि पहिल्यांदाच फाटकातनं आत आली,
पायातलं काढून, ओटीवर बसली.

तेवढीच सहा घरं तिनं सुईवरनं सोडली.
शेजारची हलली नाहीत.
सहाच पडत गेली खाली खाली
आणि मागं आडव्या तारा उरल्या,
रूळ काढून नेल्यावर
स्लीपर उरतात तशा.
मी डोळे मिटले. तिनं कोपरानं ढोसलं, बघ.

दोन तास. क्रोशाच्या आकड्यानं एकेक तार उचलत,
पीळ फिरवत, वर.
मधे मालगाडी गेली,
तांब्यातलं पाणी थरथरलं,
तिचा हात नाही.

ती वेणी आता इतरांपेक्षा आवळून बसलीय.
डोळ्याला कळत नाही. हात फिरवला तर कळतं.

दुकानदार खरा निघाला.
दुसऱ्या बाहीच्या कोपरापाशी लोकर संपली.
परत गेले तर तो लॉट गेलेला,
मिळाला तो वाळल्या कौलाचा रंग.
उजवी बाही कोपराखाली फिकी आहे, आहे तर आहे.
चाक फिरवताना तीच आधी दिसते, असं
सातच्या गाडीचा गार्ड ह्यांना म्हणाला.

नीलव्वाची तार माझ्याच डब्यात राहिली.
तिनं मागितली नाही,
मीही नेऊन दिली नाही.
काल तिच्या नातवाचं माप तेवढं घेऊन आले.
छाती चोवीस, बाही चौदा,
पोरगं उभं राहत नाही एका जागी.
लोकर ह्या खेपेला दोन गुंडे जास्त,
एकाच लॉटची.