साडेतीन इंच

बाबालाल शिकलगारांनी खडूनं दोन गोल काढून ठेवलेले,
ग्रीसच्या डब्याचं झाकण धरून,
मधलं अंतर तीनदा मोजून.
लिफ्ट आलीय कोइमतूरहून, अजून पुठ्ठ्यातच.
कंपनीचा माणूस म्हणाला,
जुन्या कोब्याचा भरवसा नको,
दोन्ही खांबांखाली भोकं पाडा, नवीन पाया भरा.
हे त्यांना लागलेलं.
"सहा इंच हाय," मला म्हणाले, "तुझ्या आण्णानंच टाकलंय.
ब्याण्णव साली. मी स्वतः पाणी मारलंय आठ दिवस."

मी स्टँड बसवला, नळी जोडली.
सुकुमार बादली घेऊन बसला राड उपसायला.
हिऱ्याचा बिट म्हणतात,
हिरा अजून कुणाला दिसलेला नाही.
टेकला की आधी नाचतो. नाचू द्यायचा नाही.
एकदा चर पडली की मग ऐकतो.
दुधासारखं पाणी वर येतं,
आणि सळई लागली की आवाज थेट दाढेत.

पहिला गोळा निघाला अखंड.
आत काळी खडी, अडकित्त्यानं कातरल्यासारखी,
मध्ये कृष्णेची वाळू, गोल दाण्याची,
आता बघायला मिळत नाही तसली.
टेप लावली : सहा इंच दोन सूत.
शिकलगारांनी वेस्टनं पुसून तो बाकावर ठेवला,
व्हाइसच्या शेजारी,
आणि माधवनगर रोडवरनं जाणाऱ्या दोघांना आत बोलावून दाखवला.

दुसऱ्या गोलात बिट सटकला.
एवढ्यात कसा, म्हणून मी बंद केलं.
पांढरं पाणी लाल झालेलं. मुरूम.
गोळा उचलला तर एका हातात आला.
साडेतीन.
सळई नाही.

सुकुमार माझ्याकडं बघेना.
मी टेप परत लावली, जणू टेपच चुकली असावी.

त्याच उन्हाळ्यात बुधगावला आमची न्हाणी झाली.
त्याआधी आई तट्ट्याआड दगडावर उभी राहून अंग धुवायची,
अंधार पडायची वाट बघून.
पोती रात्री यायची, सायकलवरनं, एकेक.
पाच रिकामी पोती मी झटकली होती,
नाकात, भुवयांत सिमेंट,
आणि आण्णा कधी नव्हे ते हसत होता.
मी आठ वर्षांचा. मला वाटलं, विकत.

शिकलगार गुडघ्यावर बसले.
आधी पहिल्या भोकात हात घातला, मग दुसऱ्यात.
काठ बोटानं चाचपला, गाडीचा रिंगपिस्टन चाचपतात तसा.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले,
"जड गाडी ह्या कोपऱ्यात लावू नकोस म्हणायचा तुझा आण्णा.
दुपारचं ऊन येतं हिकडं, टायर खराब होतात म्हणायचा.
मी तीस वर्षं
ऊनच समजत होतो."

चहा आला. चहा प्यालो.
"खोल घे," ते म्हणाले. "दीड फूट. दोन्ही सारखी."

दोन्ही सारखी घेतली.
मुरूम पहारीनं काढला, सळईची जाळी बांधून सोडली,
दुसऱ्यात चार सळया जास्त. कुणी विचारलं नाही.
बिलावर भोक एकच लिहिलं.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
पैसे दोन भोकांचे मोजले
आणि पातळ गोळा माझ्या पिशवीत टाकला,
कुणाची विसरलेली वस्तू परत द्यावी तसा.

संध्याकाळी न्हाणीत पाय धुताना
टाचेनं एकदा ठोकून बघितलं.
भरीव. कुठं पोकळ वाजत नाही.
पुन्हा ठोकलं, जरा जोरात.
आई बाहेरनं म्हणाली,
"काय पडलं रे?"