पूर्वेस चिंच

कोर्टासमोर काळ्या कोटांना तोटा नाही.
पहिल्याने आधी फी सांगितली.
दुसऱ्याने कागद न उघडताच,
"होऊन जातंय, सोडा की."

हुक्केरीबाई वडगावातच.
खाली मागांचा खडखडाट, वर खोली,
खुंटीला कोट, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा.

खरेदीपत्र कानडी, एकसष्ट सालचं.
मला कानडी बोलता येतं, भांडताही येतं,
वाचता येत नाही.
बाईंनी ओळीवर बोट धरून मराठीत वाचलं,
दुसऱ्याचं खासगी पत्र वाचावं
तसं, हळू आवाजात.
पश्चिमेस गटार.
दक्षिणेस कलघटगींची भिंत.
पूर्वेस चिंच.

थांबल्या.
"चिंच कुठाय?"
मालक हसला, "जुना कागद, बाई.
झाड काय राहतंय?"

त्यांनी चपला घातल्या.
गल्ली, बोळ, उंबरा,
पुढची खोली, मधली खोली,
आणि स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीपासून दोन पावलांवर
फरशीवर टाच रोवली.

"हितं होती.
शाळेतनं येताना दगड मारायचो आम्ही.
हिच्या पलीकडचं, ती मोरी धरून,
कागदात नाही."

कुणी काही बोललं नाही.
कुकरची एक शिट्टी झाली.
मालक मान वर करून
स्लॅबकडे बघत राहिला,
फांद्या शोधल्यासारखा.