चोवीस महिने

साडेनऊला इशबेल चष्मा चढवते
आणि बिलाच्या पाठीवर तीन आकडे लिहिते:
आत्ता भरतो तो, पुढे मागतायत तो,
आणि समोरच्या घरातल्या नव्या भाडेकरूला पडतो तो.
तिसऱ्याभोवती गोल. गोलाभोवती आणखी एक.

पीटरहेडच्या मासळीबाजारात एकतीस वर्षं
बर्फावर उभं राहून तिनं हॅडॉकचे भाव पुकारले.
मासा निदान डोळ्यांसमोर असायचा.
आज काचेच्या केसातून धावणाऱ्या
न दिसणाऱ्या उजेडाचा सौदा.
म्हैस पाण्यात, मोल बाहेर.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.
मला बोलायची परवानगी नाही.

तेवीस मिनिटं पियानो. मग एक पोरगा, कीरन, संडरलंडहून.
"आपण आमच्या जुन्या ग्राहक, मिसेस कॉर्डिनर."
"जुनी आहे ते गुडघे सांगतात. तू आकडा सांग."

सत्तेचाळीस पौंड.

ती काही बोलत नाही.
लिलावात जो आधी खाकरतो तो हरतो.
छपरावर सीगल पाय आपटतो. केटल गार होते.
पोरगा खाकरतो.
एकेचाळीस.
ती पेन्सिलीला टोक करते, मुद्दाम, फोनजवळ.
छत्तीस.
"समोर सव्वीस."
"ती योजना नव्या ग्राहकांसाठी आहे, मॅडम."
"मग आज सोडते, उद्या नवी होते.
जन्माला यायला मला वेळ लागत नाही."

पुन्हा पियानो. ती मला म्हणते,
"साहेबाला विचारायला गेलाय. साहेब-बिहेब कुणी नसतो.
आम्हीही पेट्यांमागे जाऊन शंभरपर्यंत मोजायचो."

परत येतो तेव्हा हातात राउटर. फुकट.
त्या शब्दाला तिची एकच भुवई वर जाते.

मागचा फुकटचा अजून दारामागच्या कपाटात लुकलुकतोय.
भिंती आमच्या दोन फूट गुलाबी ग्रॅनाइटच्या,
सिग्नल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतो
आग्रहाची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा.
आणि मी झोपतो मागच्या खोलीत,
लॅपटॉपवर समुद्राचा नकाशा उघडून.
त्यात एक हिरवा त्रिकोण म्हणजे मॉरवेनची बोट,
इंजिनरूममध्ये आमची लेक.
गेल्या महिन्यात त्रिकोण दोन रात्री एकाच जागी होता.
नॉर्वेकडे वादळ नव्हतंच.
माझ्या आजोबांनी रचलेल्या दगडानं
तिला अडवून धरलं होतं.

शेजारचा स्ट्रुअन टेप घेऊन घर मोजून गेलाय:
एक डबा खाली, एक जिन्याच्या माथ्यावर,
मधली वायर जुन्या धुराड्यातून.
नव्वद पौंड. कागद तिच्या चष्म्याच्या घरात.

"राउटर आमचा आम्ही बघू," ती म्हणते.
"तुझा तुझ्याकडे ठेव, त्याचं जे काय असेल ते वजा कर."
बराच वेळ कीबोर्ड वाजतो.
"अठ्ठावीस. पण करार चोवीस महिन्यांचा.
बारा हवे असतील तर चौतीस."

आणि सकाळपासून पहिल्यांदा पेन्सिल थांबते.

ती फोनवर तळहात ठेवते. माझ्याकडे बघत नाही.
मंगळवारी ॲबर्डीनला डॉक्टरही महिन्यांतच बोलले होते.
तिथंही ती अशीच गप्प राहिली होती,
खूप वेळ, अगदी बाजारातल्यासारखी.
तिथं समोरचा खाकरला नाही.

"चोवीस," मी म्हणतो. "महिन्याला सहा पौंड वाचतात, बाई."
"तुला कुणी विचारलं, डॉड?" ती म्हणते,
आणि तळहात काढून, "चोवीस."
दर एप्रिलला भाव थोडा वाढेल, पोरगा वाचून दाखवतो.
"एप्रिलचं एप्रिलला बघू."

गुरुवारी स्ट्रुअननं धुराड्यातून वायर सोडली,
नव्या पांढऱ्या डब्यावर शंभर वर्षांची काजळी सांडली.
पहाटे तीनला त्रिकोण हलला, बोटभर, पश्चिमेला.
मी तिला उठवलं नाही. ती जागीच होती.

करार संपायची तारीख लिहून ठेवायला
त्या वर्षाचं कॅलेंडर अजून घरात नाही.
तिनं ती कपाटाच्या दारावर आतून लिहिली,
पेन्सिलीनं, दाबून.