खात्री

रुवीत, मोबाइलच्या दुकानावरच्या कचेरीत,
जिथं एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात टपटपतं,
खतीबचाचांनी पहिल्यांदा माझी खिडकी उघडली.
मी शेजारी, वही घेऊन.
बोलायचं नाही असं ठरवून आलेली.
फक्त बघायचं, बोट कुठं अडखळतं.

अडखळलंच.
एकनंतर दहा, दहानंतर अकरा,
आणि कितीतरी खाली, शरमल्यासारखा, दोन.
"याला उजळणी कुणी शिकवली?"
नाव बदलायला गेले, शेपटासकट पुसलं,
फाईल उघडेना.
अरबी नावात बाण डावीकडचा दाबावा
तर कर्सर उजव्या दाराने पळे.
मग माऊस हातातून सुटला
आणि मल्लेशमचं फोल्डर
रोफिकुलच्या फोल्डरात पडलं.
"माणसात माणूस गेला," चाचा म्हणाले,
"आणि तुझ्या खिडकीनं साधा ढेकर दिला नाही."

त्यानंतरचे नऊ शुक्रवार मी घरीच.
आकडे आकड्यांसारखे लावले.
शेपूट बोटाखालून सोडवलं.
अरबीला तिच्या चालीनं चालू दिलं;
कंसापाशी अजून ठेचकाळते, कबूल.
ढेकर म्हणून खाली एक पट्टी:
मल्लेशम आत गेला. परत आणू?
सात सेकंद ठेवली होती,
चाचांचा चष्मा सापडेपर्यंत म्हणून चौदा केली.

राहिला तो जुना प्रश्न,
पुसण्याआधीचा: तुम्हाला खात्री आहे का?
त्यावर ते हसले होते.
"सव्वीस वर्षांत इथं हे कुणी विचारलं नाही मला.
आणि खात्री कुणाची? नाव तरी घे."

मी नाव घेतलं.
नावाशेजारी पासपोर्टवरून उचललेला फोटो,
अंगठ्याच्या नखाएवढा.
टेकबहादुर. एकवीस कागद. काढून टाकायचं?
स्वतःवर इतकी खूश क्वचितच झाले असेन.

गेल्या गुरुवारी फोन.
"पोरी, तुझी खिडकी बिघडली. जागा संपली म्हणते."
गेले. खिडकी धडधाकट.
कचऱ्याचा डबा कोरडा, एकही फाईल नाही,
आणि एक नवं फोल्डर: 'घरी गेले'.
आत चारशे बारा.
व्हिसा रद्द झालेले, करार संपलेले,
एक-दोन असे की ज्यांच्या घरी जाण्याबद्दल
चाचांनी मान दुसरीकडे वळवली.

"आधी बरं होतं. ढीग उचलायचा, हो म्हणायचं.
आता एकेक जण बघतो माझ्याकडे."

मी वही काढली.
फोटो लहान करावा? लिहिलं, खोडलं.
बटणाची जागा बदलावी? खोडलं.
शेवटी लिहिलं: मोठी डिस्क, भाव विचारणे.
चाचा कपात साखर ढवळत म्हणाले,
"दोन टेराची घे.
मार्चमध्ये आणखी साठ सुटतायत."