प्रश्न क्रमांक चार

नोव्हेंबरात इथे उजाडत नाही,
फक्त दिवे लागतात.
फिनलंडच्या उत्तरेला, काइनूच्या जंगलाकडेला,
आमचा सरकारी दवाखाना जागा होतो तो असा :
आधी हीटर, मग कॉम्प्रेसर,
मग काउंटरमागून हिल्काचा खोकला.
आज कॉफीच्या टेबलावर एक फॉर्म.
'नवी नोंदपद्धत स्वीकारायला तुमची टीम कितपत तयार आहे?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.'

आजवर आम्ही दात मोजत आलो.
भरलेले, काढलेले, हलणारे,
आणि वेळ घेऊन न आलेली माणसं.
आता म्हणे माणसालाच विचारायचं,
खुर्ची आडवी करायच्या आधी,
तो आपल्या डोळ्यांत बघू शकतो तेव्हा.
सात प्रश्न.
राय धान्याची कडक भाकरी चावते का?
ठणक्याने झोप मोडते का?
चौथा : हसताना हात तोंडावर जातो का?

डॉक्टर ओस्मोने बोटांवर हिशोब केला.
सात प्रश्न, सात मिनिटं, दिवसाला अकरा पेशंट,
रांग आत्ताच मे महिन्यापर्यंत गेलीय.
चुकीचं काहीच बोलला नाही तो.
होदान मास्क गळ्यात अडकवत म्हणाली,
माझ्या आईला या देशात पहिलं वाक्य कळलं ते 'आ करा'.
तिने आ केला.
तीन दात गेले, आणि कुठला दुखत होता
ते कुणी विचारलंच नाही.
हिल्का म्हणाली, इथे लोक दात दाखवायला येतात,
मन दाखवायचं असेल तर वरच्या मजल्यावर पाठवा,
आणि हसली.
हसली तशीच, नेहमीसारखी,
चार बोटं ओठांवर आडवी धरून.

बावीस वर्षं ती या काउंटरवर आहे.
आमच्याकडे तीन दिवे आहेत,
दाढेच्या मागची सावलीसुद्धा धुऊन काढणारे.

चाचणीचा पहिला पेशंट तावेत्ती,
सत्तर पार केलेला लाकूडतोड्या,
बुटांचा बर्फ दाराशी झटकून आलेला.
भाकरी? कॉफीत बुडवतो.
झोप? मोडते, पण दाताने नाही.
चौथ्या प्रश्नावर तो गप्प झाला.
आमच्याकडे गप्प बसणं हा काही आजार नाही,
तरी ओस्मोने घड्याळाकडे पाहिलं,
मी पाण्याचा पेला उगाच पुन्हा भरला.
मग तावेत्तीने होदानलाच विचारलं,
'हसायचं, ते कुणाबरोबर?'

स्क्रीनवर याला चौकट नव्हती.
होय, नाही, कधीकधी, लागू नाही.
होदानचं बोट 'लागू नाही'वर गेलं,
थांबलं,
आणि ते दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

संध्याकाळी फॉर्म गोळा केले.
ओस्मोचे दोन. होदानचे पाच.
माझे तीन, म्हणजे घाबरटाचे तीन.
हिल्काचा कोरा.
मी उपकरणं उकळत ठेवली होती
तेव्हा ती दोन नंबरच्या खुर्चीत येऊन बसली,
कोट अंगात, पर्स मांडीवर,
जशी बसला उशीर असल्यावर थांब्यावर बसतात तशी.
म्हणाली, विचार. क्रमाने विचार.
पहिला विचारला. दुसरा. तिसरा.
चौथा मी वाचेपर्यंत
तिचा हात अर्ध्या वाटेवर आला होता,
तिला दिसला,
आणि तिथेच राहिला, हवेत,
ना ओठांवर, ना मांडीवर.
मी पेन खाली ठेवलं.
ओस्मो दारात होता, गाडीची किल्ली हातात.
रांगेबद्दल काही बोलला नाही.
जाताना त्याने कॉम्प्रेसर बंद केला,
तेव्हा कळलं किती आवाज होता इथे दिवसभर.

फॉर्म शुक्रवारी पाठवायचेत.
तीनचे साडेतीन करून पाहिले मी.
चौकटीत अर्धा मावत नाही.