सरकती जमीन

बटण दाबलं की भिंत चालायला लागते.
सोफा, खिडकी, व्हर्लिनची खुर्ची
आणि त्यांच्याखालची तेवढी जमीन,
सगळं साडेतीन फूट बाहेर, वाळवंटावर, अधांतरी.
पहिल्या वर्षी आम्ही यावर हसायचो.
लोकांच्या पायाखालची जमीन सरकते ती वाईट बातमी आल्यावर,
आमची, सकाळच्या कॉफीआधी.

नेब्रास्कातलं घर विकलं तेव्हा वकिलाने विचारलं होतं,
जमिनीसकट?
व्हर्लिन म्हणाला, सकट.

मग दोन हिवाळे ओरेगॉनच्या किनाऱ्यावर.
तिथला पाऊस पडत नाही, राहायला येतो.
वरच्या कडेचं रबर कुठेतरी बोटभर उसवलं
आणि पाणी शिरलं भाडेकरूसारखं,
मागच्या दाराने, रोज एकेक पिशवी आणत.

मला कळलं ते टाचेला.
खुर्चीपाशी जमीन दबतेय, मी म्हटलं.
तो म्हणाला, तुझं वजन वाढलंय.
चाळीस वर्षांच्या संसारात
एवढं चुकीचं निदान त्याने केलं नव्हतं.
आणि हा माणूस जमिनीतला दर्दी!
एकोणतीस वर्षं स्केटिंगच्या रिंगणातली मेपलची जमीन राखली,
डोळे मिटून सांगायचा,
आत्ता कुठल्या फळीवर पोर पडलं.

क्वार्टझसाइटला, अ‍ॅरिझोनात, जानेवारीच्या कोरड्या उन्हात
तो शेवटी गाडीखाली शिरला, बॅटरी दातांत धरून.
स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला.
मुठीपर्यंत गेला.
त्याने तो लगेच बाहेर काढला नाही.

शेजारच्या ट्रेलरमधली हर्मिना जॅक घेऊन आली,
म्हणाली, सगळ्यांची कुजते, कोणी बोलत नाही.
लिनोलियम सोललं.
खाली लाकूड असं नव्हतंच,
भुसा, डिंक आणि कंपनीचा शब्द.
कॉफीत बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं हातात आलं.
फक्त एका कोरड्या कोपऱ्यावर पेन्सिलने लिहिलेलं:
श्रॉक. शुक्रवार. पाव इंच कमी.
म्हणजे इंडियानातल्या त्या कारखान्यात
कोणाला तरी ठाऊक होतं,
आणि सुट्टी तोंडावर आली होती.
मला राग यायला हवा होता.
व्हर्लिनने तेवढा तुकडा करवतीने नीट कापला
आणि ड्रॉवरमध्ये ठेवला, चमच्यांखाली.

यूमाहून प्लायवूड आणलं, चांगलं, सात थरांचं.
तीन दिवस उरलेल्या अर्ध्या घरात
आम्ही खेकड्यासारखे आडवे चाललो,
दर फेरीला एकमेकांची माफी मागत.
चौथ्या दिवशी त्याने खिशातून
जुन्या स्केटच्या चाकातला छर्रा काढला,
नव्या जमिनीवर ठेवला.
छर्रा थांबला.
जरा विचार केला.
मग हळूच माझ्याकडे यायला निघाला.
पाव इंच, व्हर्लिन म्हणाला. आता जास्त.

तेव्हापासून खोली आत येताना
तिची चाकं स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर ओरखडा काढतात,
लांब, पांढरा, दर मुक्कामाचा एक.
उपाय हर्मिनानेच सांगितला:
चाकं हलण्याआधी खाली प्लास्टिकचा पातळ पत्रा सरकवायचा.
व्हर्लिनचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते काम माझं.
मी खाली बसते. पत्रा लावते.
तो बटणावर अंगठा ठेवून विचारतो,
बोटं काढलीस?
काढली, मी म्हणते.
तरी तो थांबतो,
कमरेतून वाकून, ओट्याला धरून, स्वतः मोजून बघतो,
सगळी दहा,
आणि मग आमची जमीन आत घेतो.